अलेक्झांड्रा पॅलेसमधली वजाबाकी

लंडनमध्ये आम्ही सतरा दिवस होतो. टॉवर, ग्रीनिच, संग्रहालयं सगळं पाहून झालं, फोटो घरच्या ग्रुपवर कधीच गेले. लिहावंसं वाटलं ते ३ जानेवारी २०२५ च्या एका संध्याकाळबद्दल. त्या संध्याकाळी जायला मी आधी ठाम नकार दिला होता.

मुलाच्या ऑफिसातल्या मित्राला ऐनवेळी जमेना, म्हणून एक तिकीट उरलं. डार्ट्सच्या, म्हणजे गोल फळ्यावर छोटे बाण फेकण्याच्या खेळाच्या, वर्ल्ड चॅम्पियनशिपचा अंतिम सामना. "आई, चल, असं पुन्हा बघायला मिळणार नाही," हे त्याने चार वेळा म्हटल्यावर मी स्वेटरवर कोट चढवला. हॅरोहून निघून किंग्ज क्रॉसला गाडी बदलली, वुड ग्रीनला उतरलो आणि डब्ल्यू-३ बसने टेकडी चढलो. बसमध्ये माझ्यासमोर चार तरुण उभे होते, चौघांनीही रस्त्यावरच्या नारिंगी शंकूंचा वेश केला होता. गर्दी मला सोसत नाही आणि दारूचा वास तर मुळीच नाही. इथे दोन्ही होतं. दाराशी तपासणीची रांग, आत बिअरची रांग आणि बायकांच्या प्रसाधनगृहाची त्याहून लांब रांग.

अलेक्झांड्रा पॅलेस ही वास्तू जुनी आहे. १८७३ मध्ये उघडली आणि सोळाच दिवसांनी जळाली, मग १८७५ मध्ये पुन्हा उभी राहिली. १९३६ मध्ये बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी इथूनच सुरू झाली. मी ते सगळं नीट बघत हिंडले असते, पण आतल्या आवाजात कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलणंही ऐकू येत नव्हतं.

मंचासमोर लांबच लांब टेबलं आणि बाकं. आमच्या टेबलावर वॉरिंग्टनहून आलेलं एक जोडपं होतं, साठी ओलांडलेलं. लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्या मधलं हे गाव म्हणजे अंतिम सामना खेळणाऱ्या ल्यूक लिटलरचं गाव. बाईंनी सरकून मला जागा दिली, पिशवीतून सँडविच काढून अर्धं माझ्या हातात ठेवलं आणि मला थेट 'लव्ह' म्हणून हाक मारायला लागल्या. लंडनच्या सतरा दिवसांत अनोळखी माणसाने स्वतःच्या डब्यातलं मला दिलं ते एवढंच. त्यांच्या यजमानांनी आयुष्यभर बस चालवली होती. त्यांनी माझ्या हातात एक पुठ्ठा दिला. एका बाजूला १८० छापलेलं, दुसरी बाजू कोरी. एका खेळीत तीन बाण, तिन्ही ट्रेबल विसात, म्हणजे विसाच्या तिप्पट गुणांच्या अरुंद पट्टीत, रुतले की १८०, आणि तेव्हा सगळं सभागृह हे पुठ्ठे उंचावून उठतं.

मी कराडला एकतीस वर्षं गणित शिकवलं. खेळ ५०१ पासून सुरू होतो, मिळवलेले गुण वजा होत जातात आणि शेवटचा बाण डबलमध्येच, म्हणजे दुप्पट गुणांच्या पट्टीतच, जावा लागतो, एवढं मुलाने सांगितलं आणि माझं बिअरच्या वासाकडचं लक्ष उडालं. पुठ्ठ्याच्या कोऱ्या बाजूवर मी आकडे मांडायला घेतले. तीन बाणांत जास्तीत जास्त किती संपवता येतील? वीस त्रिक साठ, पुन्हा साठ आणि मधला लाल ठिपका, म्हणजे बुल, पन्नासाचा. तोही डबल धरतात. झाले १७०. मग १६९ का नाही? मी सगळ्या वाटा मांडून पाहिल्या. होत नाहीत. १६८ होत नाहीत. १६७ होतात: वीस त्रिक साठ, एकोणीस त्रिक सत्तावन्न आणि बुल.

शेजारचे गृहस्थ मघापासून माझा पुठ्ठा बघत होते. त्यांनी पेन मागून घेतलं आणि खाली ओळीने लिहिलं: १६९, १६८, १६६, १६५, १६३, १६२, १५९. हे सात आकडे उरले की तीन बाणांत सुटका नाही. शाळेत त्यांचं गणित कच्चं होतं, मास्तर उभं करायचे. हे सगळं त्यांना वडिलांनी पबमध्ये शिकवलं, पोराला फळ्याशी उभं करून गुण मांडायला लावून. मग त्यांनी मला ३२ चं मर्म सांगितलं. ३२ उरले की डबल सोळा मारायचा. बाण चुकून साध्या सोळात गेला तर उरतात १६, म्हणजे डबल आठ. तो चुकला तर आठ, मग चार, मग दोन. निम्मं करत करत शेवटपर्यंत सम संख्याच हातात राहते. ४० चं तसं नाही, वीस, दहा, पाच, आणि तिथे विषम लागतो. शिवाय फळ्यावर सोळा आणि आठ शेजारीशेजारी आहेत. मी एकतीस वर्षं दोनाचे घात शिकवले, आणि एका मुलालाही ते इतके हवेसे वाटतील असं उदाहरण मला सुचलं नव्हतं. त्या वेळी माझ्या घशात आवंढा आला, हे खरं आहे.

मंचावर हे सगळं आपोआप चाललेलं होतं. बाण फेकण्याची रेघ फळ्यापासून २.३७ मीटरवर. तिथे उभा असलेला मुलगा सतरा वर्षांचा, माझ्या बारावीच्या वर्गातल्या पोरांच्या वयाचा. वीसच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला पाच, म्हणजे तसूभर चूक झाली तरी फळा शिक्षा करतो. पहिला बाण भलतीकडे गेला की दुसरा हातातून सुटेपर्यंत ल्यूकची वाट बदललेली असे. किती उरले हे पंचाला विचारता येतं, कसे संपवायचे हे कोणी सांगत नाही. आकडा मला पडद्यावर दिसायचा आणि मी मनात त्रिकं म्हणेपर्यंत त्याचे बाण फळ्यात असायचे.

समोर नेदरलँड्सचा मायकेल व्हॅन गेर्वेन होता, हिरव्या शर्टातला, तीन वेळचा विश्वविजेता. २००६ मध्ये तोही सतराच वर्षांचा असताना वर्ल्ड मास्टर्स जिंकला होता, तेव्हा ल्यूकचा जन्मही झाला नव्हता. २०१४ मध्ये तो चोविसाव्या वर्षी विश्वविजेता झाला आणि या स्पर्धेत इतक्या लहान वयाचा दुसरा कोणी विजेता झाला नव्हता. तोच मान आज त्याच्या डोळ्यांदेखत जाणार होता. ल्यूकने पहिले चार सेट घेतले. चार-शून्य. सभागृह बाकांवर उभं होतं, तीन हजारांवर माणसं एका सुरात गात होती.

इथेच मला राग आला. मायकेल डबलवर नेम धरून उभा राहिला की आमच्या मागच्या टेबलावरची काही पोरं शिट्ट्या मारत. आपल्या घरच्या मैदानात, आपलाच गडी पुढे असताना, पाहुण्याचा हात हलावा म्हणून शिट्ट्या? आमच्याकडे कुस्तीच्या फडात बाहेरगावच्या मल्लाने चांगला डाव टाकला तर त्यालाही टाळी मिळते. मी मागे वळणार तोवर शेजारचे गृहस्थच उठले आणि त्या पोरांना चार शब्द सुनावून आले. ते ल्यूकच्या गावचे. ल्यूक लंगोटात होता तेव्हापासून फळ्यावर बाण टाकतोय, हे त्यांनी मला आधीच दोनदा सांगितलं होतं. परत येऊन बसले ते थरथरतच. मायकेलने पुढे तीन सेट घेतले, तेव्हा त्यांनी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सात-तीन. शेवटचा बाण रुतला आणि शेजारच्या बाईंनी मला मिठीच मारली. गावच्या तालमीतला पोरगा महाराष्ट्र केसरीची गदा घेऊन यावा, तसे ते दोघं रडत होते. वर मंचावर ल्यूकही रडत होता. आदल्या वर्षी, सोळाव्या वर्षी, तो इथेच अंतिम सामन्यात ल्यूक हम्फ्रीजकडून हरला होता, आणि या वर्षी पहिला सामना जिंकूनही मुलाखतीत त्याला रडू आवरलं नव्हतं. पाच लाख पौंड, म्हणजे आपले पाच कोटींच्या वर. पण त्या घटकेला तो आई-वडिलांना बिलगलेला एक मुलगा होता. मायकेलने हरल्यावर त्याचं मोकळ्या मनाने कौतुक केलं, आणि माझ्या मनात दोघांनाही सारखीच जागा मिळाली.

बाहेर बोचरी थंडी होती. टेकडीवरून सगळं लंडन खाली लुकलुकत होतं. बसची रांग हलत नव्हती आणि माझे गुडघे बोलायला लागले होते. वॉरिंग्टनचं जोडपंही त्याच रांगेत होतं. पुठ्ठा माझ्या काखेत होता, तो मी कराडला आणला आहे.

"एकशे एकवीस," गृहस्थ अचानक म्हणाले.

मी मराठीतच मोजलं, मोठ्याने. वीस त्रिक साठ, उरले एकसष्ट. अकरा त्रिक तेहेतीस, उरले अठ्ठावीस. डबल चौदा.

मुलाने भाषांतर केलं. गृहस्थांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न टाकला, "आणि पहिला बाण साध्या विसात गेला तर?"

एकशे एक, हातात दोन बाण. सतरा त्रिक एकावन्न. उरले पन्नास.

"बुल," मी म्हटलं, आणि बस आली.