तुम्ही विचारलंत म्हणून: माझा ग्रुप कुठला?

"तुमचा ग्रुप कुठला, पत्ता द्या ना." दारू सोडल्याचं उघड बोलायला लागल्यापासून हा प्रश्न सतत येतो, कधी स्वतःसाठी, बहुतेक वेळा नवऱ्यासाठी नाहीतर भावासाठी, आणि मी पटकन पत्ता देत नाही म्हणून काही जण दुखावलेत. तर एकदाचं नीट सांगते.

पत्ता लपवायचा नाहीये मला. दारू सोडू पाहणारे एकत्र बसून एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (एए) वेबसाइटवर जवळची मीटिंग सापडते, फी नाही, दारू थांबवायची इच्छा एवढी एकच अट, पूर्ण नावही सांगावं लागत नाही. एएमध्ये देवाचा उल्लेख येतो, तो नको असेल तर स्मार्ट रिकव्हरी नावाचे ग्रुप आहेत, त्यांच्या ऑनलाइन मीटिंगपण असतात. नवऱ्यासाठी विचारणारीला मी अल-अनॉन सांगते, ते घरच्यांसाठी आहे, की लगेच "मला नको हो, त्याचं बघा" (खरं तर तो जावो न जावो, तिने जावं असं मला मनापासून वाटतं). म्हणजे पत्ता कोणालाही मिळतो. माझ्याकडून हवी असते गॅरंटी, की इथे गेलं की माणूस सुटणार. ती मी कशी देऊ? माझं पहिल्या ग्रुपमध्ये काय झालं ते ऐका.

ग्रुप कुठला, कुठल्या पद्धतीचा, ते सांगणार नाही. खोलीत मी एकटीच बाई. एक वयस्कर काका बोलायला लागले, खूप वर्षं सोबर, म्हणजे दारूपासून लांब, असलेले, सगळे त्यांना मानायचे. म्हणाले, "मला दारू आवडायची म्हणून मी पीत नव्हतो. दुपारपासून संध्याकाळची वाट बघणं सुरू व्हायचं ना, ते एकदाचं संपावं म्हणून प्यायचो." हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, सांगायला शब्दच नव्हते माझ्याकडे, आणि हा अनोळखी माणूस माझ्या मनातलं बोलत होता. मला रडूच आलं. मग मीही बोलले, पहिल्यांदाच, आणि त्या भरात हेही सांगितलं की डॉक्टरांनी नाल्ट्रेक्सोनची गोळी सुरू केलीय आणि तलफ जरा कमी झालीय. मीटिंग संपली, खुर्च्या आवरताना तेच काका जवळ आले आणि म्हणाले, "ताई, गोळी घेऊन सोबर म्हणजे सोबर नव्हे. आधी गोळ्या बंद करा, मग या." आजूबाजूला लोक होते. कोणी काही बोललं नाही, एकाने तर मान डोलावली.

गोळ्या मी बंद केल्या नाहीत. पण त्या ग्रुपला परत गेले नाही, दुसऱ्याही कुठल्या गेले नाही, कित्येक महिने, आणि त्या महिन्यांत प्यायलेसुद्धा. ती गोळी मेंदूतले ओपिऑइड रिसेप्टर अडवते, त्यामुळे पिण्यातली मजा उतरते, अमेरिकेत तिला दारूच्या व्यसनासाठी १९९४ सालीच मान्यता मिळालीय, हे सगळं मला डॉक्टरांनी समजावलेलं होतं. तरी त्या वाक्याने मी कोलमडले, कारण ज्याने मला पहिल्यांदा ओळखलं त्यानेच परत पाठवलं.

तेव्हाची मी म्हणायची, ग्रुप-बिप सगळं बकवास, डॉक्टर पुरेत. तिच्याशी मी अजून भांडते. मग ते संध्याकाळचं तुला कुठल्या डॉक्टरने सांगितलं असतं गं? उपचारांवरचे अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यास तपासले, त्यात दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत एए आणि तिकडे नेणारे उपचार इतर थेरपींपेक्षा सरस ठरले. ती म्हणते, अभ्यास असू दे, त्या खोलीत माझ्या बाजूने कोणी बोललं का? नाही बोललं. काकांना त्यांच्या त्या कडक नियमानेच तारलं असेल, हे मला कळतं. माफ मात्र केलेलं नाही, आणि करायला हवं असंही वाटत नाही.

परत गेले ते एका गोष्टीमुळे. १९३५ मध्ये अमेरिकेत बिल विल्सन नावाचा एक माणूस अ‍ॅक्रनला होता, दारू सोडून काही महिनेच झालेले, धंद्याचं काम फिसकटलेलं, आणि हॉटेलातला बार समोर. तेव्हा त्याने चर्चवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली, बोलायला कोणीतरी पिणारा माणूस मिळवून द्या म्हणून, आणि असा तो स्वतःच पिणाऱ्या डॉक्टर बॉब स्मिथपर्यंत पोचला, त्यातूनच पुढे एए उभं राहिलं. त्याला हवा होता एक माणूस, तोही स्वतःला वाचवायला. मग मीही आधी फोन केला आणि तोंड उघडताच विचारलं, मी गोळ्या घेते, चालेल का? पलीकडची बाई म्हणाली, "ते तुझं आणि तुझ्या डॉक्टरचं. तू ये." तो माझा आजचा ग्रुप.

म्हणून पत्ता मागणाऱ्याला मी सांगते, आधी फोन करा, गोळ्यांचं विचारा, बायका येतात का विचारा, सोबत कोणाला न्यायचं असेल तर ओपन मीटिंग, म्हणजे न पिणारेही बसू शकतात अशी, कधी असते तेही. एक ग्रुप नाही पटला तर दुसरा बघा, तिसरा बघा. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने मीटिंगच्या आदल्या दिवशी आपल्या मनाने एकदम बंद करू नये, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, जीवावर बेततं, त्याला आधी डॉक्टरकडे न्या. एवढं करून तरीही माझ्याच ग्रुपचा पत्ता हवा असेल तर मागा, देईन.