सत्तरी तालुक्यातल्या शाळेत आमची आयजेम टीम

आयजेम ही सिंथेटिक बायोलॉजीची, म्हणजे सजीवांची जनुकं बदलून त्यांच्याकडून हवं ते काम करून घेण्याच्या शास्त्राची, विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. 2003 साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या एका छोट्या अभ्यासवर्गातून ती उभी राहिली. तिथे प्रयोगाबरोबर ‘ह्युमन प्रॅक्टिसेस’ही तपासतात: ज्यांच्यासाठी हे करता त्यांना विचारलंत का, आणि त्यांच्या म्हणण्याने काय बदललं? आमच्या टीममध्ये हे काम मी मागून घेतलं.

आमचा प्रकल्प म्हणजे पाण्यात जड धातू सापडला की हिरवा चमकणारा, जनुक बदललेला ई. कोलाय जिवाणू. चमक जेलीफिशमधल्या जीएफपी प्रथिनाची. खाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्याची काळजी जुनी, म्हणून गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली एक मराठी शाळा गाठली. मुख्याध्यापिका बाईंनी आधी विचारलं, जंतू वर्गात आणणार का? जनुक बदललेले जिवाणू प्रयोगशाळेबाहेर काढणार नाही, असं लेखी दिलं तेव्हा तारीख मिळाली, तीही चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीआधीची.

वर्गात केळं कुस्करलं, त्यात मीठ आणि भांड्यांचा साबण, वरून थंडगार स्पिरिट. डीएनएचे पांढरे धागे दिसताच मुलं बाकांवर चढली! मग इन्सुलिनचं सांगितलं. 1982 मध्ये मंजूर झालेलं मानवी इन्सुलिन ई. कोलायकडूनच बनवून घेतलेलं. कुणाची आजी, कुणाचे आजोबा ते रोज टोचून घेतात. पुढचं समजावणं सोपं गेलं.

पालकांची बैठक मात्र कसोटीची होती. एका बागायतदार काकांनी थेट बीटी वांगं, म्हणजे कीड लागू नये म्हणून जनुक बदललेलं वांगं, काढलं. 2010 मध्ये केंद्राने ते रोखलं, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणाले, ‘‘बाय, तुमचा जिवाणू विहिरीत सांडला तर परत काढणार कसा?’’ जिवाणू फार काळ टिकणार नाही, एवढंच माझ्यापाशी होतं. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही, आणि मला त्यांचं पटलं.

तो प्रश्न आम्ही पुण्याच्या एका टीमपुढे ठेवला. त्यांनी पेशीविरहित पद्धत सुचवली: जिवंत जिवाणू नकोच, त्याच्यातली प्रथिनं बनवणारी यंत्रणा तेवढी कागदावर वाळवायची. पाण्याचा थेंब पडला की ती कामाला लागते. वाढणारं काही नसल्याने पसरायची भीती नाही. आम्ही त्यांना आमचे मराठी तक्ते दिले. त्यांनी ते आपल्याकडच्या शाळेत वापरून तिथल्या मुलांचे प्रश्न आम्हाला धाडले.

या कागदी पट्टीचा आराखडा घेऊन मी काकांकडे पुन्हा गेले. त्यांनी तो नीट पाहिला आणि दोनच गोष्टी विचारल्या: एक पट्टी कितीला पडेल, आणि वापरून झाल्यावर टाकायची कुठे? टीम सध्या या दोन्हींवर काम करते आहे.