हजर नोड, रिकामी फ्लॅश

सेन्सर नोड (मोजमापे घेऊन ती रेडिओने पाठवणारे बॅटरीवरचे छोटे यंत्र) बंद पडला तरी त्याच्या नोंदी शेजारच्या नोडांवर शिल्लक राहाव्यात आणि त्यापायी बॅटरी मात्र लवकर संपू नये, हा माझ्या पदव्युत्तर प्रकल्पाचा विषय होता. हाताशी टेलॉसबी नोड होते. प्रत्येकात १० किलोबाइट रॅम आणि साठवणीसाठी १ मेगाबाइट फ्लॅश.

आधी नोंदींचे खंड पाडून प्रत्येक खंडाच्या तीन प्रती वेगवेगळ्या नोडांवर ठेवल्या. दोन नोड गेले तरी नोंद वाचत असे, पण जागा तिप्पट लागे आणि प्रत्येक प्रतीसाठी रेडिओ चालू करावा लागे. या रेडिओला पाठवताना सुमारे १७ आणि नुसते ऐकताना सुमारे १९ मिलिअँपिअर लागतात, त्यामुळे तो बहुतेक वेळ झोपवून ठेवणे भागच होते.

मग रीड-सॉलोमन संकेताकडे वळलो. चार खंडांचे सहा संकेतित खंड करून ते सहा नोडांवर ठेवले की त्यांपैकी कोणतेही चार पुरतात, म्हणजे तेच संरक्षण दीडपट जागेत मिळते. गणिताची धास्ती होती, पण संकेताला लागणारा गुणाकार मिळून ५१२ बाइटांच्या दोन तक्त्यांत उरकला. खरा खर्च दुरुस्तीत निघाला : हरवलेली प्रत पुन्हा करायला एक खंड आणावा लागतो, तर इथे चार, आणि तेही एका नोडाकडून दुसऱ्याकडे असे अनेक टप्प्यांनी.

एका चाचणीत सहाही नोड हजेरी देत होते, तरीही नोंद उलगडेना. तीन नोडांची फ्लॅश वाचली, तर खंडांच्या जागी ओळीने एफएफ (कोऱ्या फ्लॅशमधले मूल्य), म्हणजे तिथे काही लिहिलेच गेले नव्हते. बॅटरीला मल्टिमीटर लावल्यावर २.५ व्होल्ट दिसले. रेडिओ २.१ व्होल्टपर्यंत चालतो, पण फ्लॅशमध्ये लिहिण्यास किमान २.७ व्होल्ट लागतात. ही ओळ माहितीपुस्तिकेत होती आणि मीच ती वाचली नव्हती. शिवाय माझा प्रोग्रॅम पॅकेट मिळताच पोच (मिळाल्याचा संदेश) देत होता, लिहून झाल्यावर नव्हे.

आता खंड लिहून, परत वाचून आणि चेकसम (मजकूर बिघडला का ते दाखवणारी पडताळणी संख्या) ताडूनच पोच जाते; रेडिओच्या तुलनेत हे वाचन किरकोळ आहे. २.८ व्होल्टच्या खाली आलेला नोड नवे खंड घेत नाही, फक्त इतरांची पॅकेटे पुढे पाठवतो. त्याच्याकडचे खंड तो चालू असतानाच दुसरीकडे हलवले जातात, कारण तेव्हा प्रत्येकामागे एकच खंड वाहावा लागतो, चार नव्हेत.