तडजोडींचा तक्ता: ‘पेल मूनलाइट’ची ओळ अखेर सुटली

अडलेली ओळ सुटली! ‘स्टार ट्रेक’मधल्या ‘डीप स्पेस नाईन’ या मालिकेच्या भागांत कोणाच्या निर्णयाची किंमत कोणी मोजली ते मी एका तक्त्यात नोंदवतो आहे. तिच्या सहाव्या पर्वातला एकोणिसावा भाग, ‘इन द पेल मूनलाइट’, त्यात काही केल्या बसत नव्हता आणि त्याच्यापायी पुढचं सगळं काम खोळंबलं होतं. आता तो एका ओळीत नाही, दहा ओळींत आहे. त्यासाठी तक्त्याची मांडणी मुळापासून बदलावी लागली. ज्यांनी जुन्या मांडणीची प्रत उतरवून घेतली आहे त्यांनी ती पुढे भरू नये. जुन्या ओळी नव्यात कशा हलवायच्या ते खाली येतंच आहे.

जुनी मांडणी आठवत असेल: एक भाग, एक ओळ, चार रकाने. निर्णय कोणाचा, काय साधायचं होतं, किंमत कोणी मोजली, त्याची संमती होती का. पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात एकच नाव आणि चौथ्यात ‘हो’ असेल तर तो त्याग. नावं वेगळी आणि संमती नाही, तर ती तडजोड, आणि तीही दुसऱ्याच्या जिवावर केलेली. बहुतेक भागांना हे छान लागू पडलं. ‘रॉक्स अँड शोल्स’मधली वेदेक (धर्मगुरू) यासिम प्रोमेनेडवर, म्हणजे अंतराळ स्थानकाच्या बाजारपेठेत, सगळ्यांसमोर गळफास घेते. निर्णय तिचा, किंमत तिची, प्रश्नच नाही. ‘चिल्ड्रन ऑफ टाइम’ उलट टोकाला. भविष्यातला ओडो (स्थानकाचा सुरक्षा प्रमुख) आपली सहकारी किरा हिला वाचवायला डिफायंट या जहाजाचा मार्ग बदलतो आणि आठ हजारांची वसाहत अस्तित्वातूनच पुसली जाते. किराने स्वतः मरायची तयारी दाखवली होती, म्हणजे जिच्यासाठी केलं तिचीही संमती नव्हती. या ओळी भरताना कुठेही अडत नाही.

‘पेल मूनलाइट’मध्ये अडतं. त्यात स्थानकाचा प्रमुख सिस्को रोम्युलनांना डोमिनियनविरुद्धच्या युद्धात ओढायला खोटा पुरावा बनवतो, तो खोटा असल्याचं एक रोम्युलन सिनेटर पकडतो, आणि माजी कार्डॅशियन हेर गॅरक त्या सिनेटरच्या यानात बॉम्ब ठेवतो. अडतं, कारण भाग स्वतःच शेवटी आपला हिशेब मांडून देतो. गॅरक सिस्कोला सांगतो की अख्ख्या क्वाड्रंटच्या (आकाशगंगेच्या पाव भागाच्या) सुरक्षिततेसाठी एक रोम्युलन सिनेटर, एक गुन्हेगार आणि एका स्टारफ्लीट अधिकाऱ्याचा स्वाभिमान एवढंच मोजावं लागलं. एप्रिल १९९८ मध्ये हा भाग दाखवला गेला आणि तेव्हापासून बहुतेक चर्चा या तीन नोंदींवरच चालतात. तीच तीन नावं किंमतीच्या रकान्यात टाकली की ओळ भरल्यासारखी दिसते. पण निर्णयाच्या रकान्यात काय लिहायचं? ‘सिस्को’ लिहिलं तर बॉम्ब त्याच्या नावावर जातो, आणि तो ठेवला गेला तेव्हा त्याला माहीतच नव्हतं. ‘गॅरक’ लिहिलं तर सिस्को सुटतो, जे तो स्वतःही मान्य करत नाही. दोघांची नावं स्वल्पविराम देऊन एका चौकटीत घातली की फिल्टर मोडतो. ‘सिस्को’ निवडल्यावर ही ओळ येत नाही, ‘गॅरक’ निवडल्यावरही येत नाही. चौकटी एकत्र जोडून पाहिल्या, तर लिबरऑफिस कॅल्क (ज्यात हा तक्ता आहे तो स्प्रेडशीट प्रोग्रॅम) क्रमवारी लावायलाच नकार देतं.

उपाय असा. भाग हा एकक सोडून द्यायचा आणि पायरी धरायची. पायरी म्हणजे अशी जागा, जिथे कोणीतरी ‘नाही’ म्हणू शकलं असतं. प्रत्येक पायरीला भागाचा क्रमांक आणि अक्षर. ६१९-क, रोम्युलनांना युद्धात आणायचं सिस्को ठरवतो. ख, गॅरक कार्डॅशियातल्या आपल्या जुन्या संपर्कांना कामाला लावतो. ग, बेटाझेड हा ग्रह शत्रूच्या हाती पडल्यावर खोटा पुरावा बनवायचं ठरतं आणि स्टारफ्लीट कमांड मान्यता देतं. घ, क्लिंगॉन तुरुंगात मृत्युदंडाची वाट पाहणाऱ्या टोलार या बनावटगिरी करणाऱ्याला क्लिंगॉनांचा प्रमुख गाउरॉन याच्याकडून माफी मिळवून सोडवलं जातं. च, टोलार स्थानकावरच्या बारचा मालक क्वार्क याला भोसकतो आणि तक्रार होऊ नये म्हणून सिस्को क्वार्कला लाच देतो. छ, अस्सल कार्डॅशियन डेटा रॉडच्या (ज्यावर खोटा पुरावा साठवायचा त्या नळीच्या) बदल्यात बायोमिमेटिक जेल द्यायचं ठरतं. ज, बनावट होलोप्रोग्रॅम (पुराव्याचं त्रिमिती चित्रण) नीट उतरला नाही तर क्लिंगॉनांकडे परत पाठवीन अशी सिस्को टोलारला धमकी देतो. झ, सिनेटर व्रीनाकला तो दाखवला जातो. ट, व्रीनाकच्या यानात बॉम्ब. ठ, खरं काय घडलं ते कळल्यावर गप्प राहणं.

ही ठ पायरी हाताला लागली आणि सगळा गुंता सुटला. ट वर एकच नाव, गॅरक. ठ वरही एकच नाव, सिस्को, तेही पूर्ण माहितीनिशी. बॉम्ब कोणाचा हा वाद तक्त्यात उरतच नाही. सिस्कोवर खुनाची नोंद होत नाही, पण त्याहून मोठी नोंद होते. रोम्युलन साम्राज्य खोट्या कारणावरून युद्धात उतरतं आणि इथून पुढे मरणारा प्रत्येक रोम्युलन सैनिक या पायरीच्या किंमतीत येतो. ते सैनिक गॅरकच्या हिशेबात नाहीत. ख मधले संपर्कही नाहीत, आणि ते तर गॅरकची स्वतःची माणसं. त्याच्याशी बोलल्यापासून एका दिवसात सगळे मारले गेले, असं तोच सिस्कोला सांगतो. एका वाक्यात येऊन जातं ते. पुढे भागात त्यांचं नाव निघत नाही. माझ्या मते अख्ख्या भागातली सर्वांत जड नोंद हीच आहे. पुरावा ‘शोधणं’ बंद होऊन ‘बनवणं’ सुरू होतं ते त्यांच्या मरणामुळे, आणि हिशेब मांडताना विसरलं जातं तेही त्यांनाच.

आता जुन्या ओळी हलवण्याबद्दल. दोन शीट करा. पहिलीचं नाव ‘पायऱ्या’: संकेत, भाग, निर्णय घेणारा (एकच नाव, दोन कधीच नाही), हेतू. दुसरीचं नाव ‘किंमत’: पायरीचा संकेत, मोजणारा, काय गेलं, आधी माहीत होतं का, संमती होती का. दुसऱ्या शीटमध्ये दर माणसाला स्वतंत्र ओळ, मग एका पायरीला पाच ओळी लागल्या तरी बेहत्तर. नावांसाठी डेटा व्हॅलिडिटीतून निवडयादी लावून टाका. हे टाळू नका. देवनागरीत गॅरक, गॅराक आणि गॅरॅक ही तीन वेगळी माणसं ठरतात आणि पिव्होट टेबल (सारांश तक्ता) तिघांचे वेगळे आकडे देतं.

एक सापळा आहे. ओळी फोडल्यावर नुसती मोजणी केली तर ‘पेल मूनलाइट’ एकटाच दहा वेळा मोजला जातो आणि सहावं पर्व उगाच काळंकुट्ट दिसतं. कॅल्कच्या पिव्होटमध्ये वेगळ्या नोंदी मोजायची सोय नाही. म्हणून मदतीचा एक रकाना घ्या, त्यात १ भागिले काउंटइफ (एखादी नोंद किती वेळा येते ते मोजणारं सूत्र), भागाच्या क्रमांकावर. दहा ओळींना प्रत्येकी ०.१ मिळतो आणि बेरीज पुन्हा १ होते. पर्वांची तुलना करताना हा रकाना, एका भागाच्या आत शिरताना साधी मोजणी.

वेळांच्या नोंदींबद्दल पुन्हा विचारणा झाली होती. सबटायटलची फाइल २५ फ्रेमच्या प्रतीवरून बनलेली आणि तुमची प्रत २३.९७६ ची असेल तर वेळा सरकत जातात. ४५ मिनिटांच्या भागात शेवटापर्यंत सुमारे १ मिनिट ५० सेकंदांचा फरक पडतो. फाइलमधल्या वेळांना १.०४२७ ने गुणा किंवा ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट बदला. पण तक्त्यात मिनिट-सेकंद लिहूच नका, टीझर (शीर्षकाआधीचा प्रसंग) आणि अंक लिहा. डीव्हीडी असो वा स्ट्रीमिंग, अंक हलत नाहीत. या मालिकेची ब्लू-रे नाही, त्यामुळे सगळ्यांना चालेल असं वेळेचं एक प्रमाण मिळणं कठीणच. आणि केवळ संवाद शोधून पायऱ्या काढणाऱ्यांनी जपून. ‘ऑर्डर’, ‘सॅक्रिफाइस’ असे शब्द फाइलमध्ये शोधून घ, छ सापडतात. च निसटते, कारण लाचेला कोणी लाच म्हणत नाही.

छ पायरीवर थोडं थांबायला हवं. विकणाऱ्याची मागणी दोनशे लिटरची, सिस्को ती पंच्याऐंशीवर आणतो. बायोमिमेटिक जेल जैविक अस्त्रांत वापरता येतं, म्हणून स्थानकाचा डॉक्टर बॅशिर आदेश लेखी मागतो आणि अधिकृत निषेध नोंदवणार असल्याचं सांगतो. दहा पायऱ्यांमध्ये समोरच्याला आदेश कागदावर आणायला लावणारा माणूस इथेच एकदा भेटतो. आणि तो जेल तरीही देतोच. किंमतीच्या शीटमध्ये बॅशिरची ओळ टाकली आहे, ‘काय गेलं’ समोर ‘नकार’. पंच्याऐंशी लिटर पुढे कोणावर वापरलं गेलं ते मालिका सांगत नाही. ती ओळ मोजणाऱ्याच्या नावाशिवाय ठेवली आहे आणि तशीच राहील.

हे लिहिताना आणखी एक रकाना सुचला, आणि तो लावून पाहिल्यावर पुढची योजना बदलली. रकाना असा: मागे फिरता येतं का, आणि फिरलं तर काय वाया जातं? च पायरीवर मागे फिरणं अगदी सोपं होतं. क्वार्कची तक्रार नोंदू द्यायची, टोलार कोठडीत, प्रकरण संपलं. वाया गेली असती ती फक्त गाउरॉनची माफी. छ वर क्वार्कची लाचही वाया जाते. ज वर जेलही. प्रत्येक पायरीवर मागचा खर्च हेच पुढच्या खर्चाचं कारण होत जातं. झ वर व्रीनाक खोटं पकडतो आणि तिथे उलटं होतं. आता थांबणं म्हणजे त्याने जाऊन सगळं उघड करणं. वाट बंद होते ती इथे, आणि बंद झाल्याझाल्या निर्णय सिस्कोच्या हातातून गॅरककडे जातो. नऊ वेळा थांबता आलं असतं अशी माणसं आणि दहाव्या वेळी थांबता न येणारी परिस्थिती, असं मी समजत होतो. रकाना भरल्यावर दिसतं की ठ वर वाट पुन्हा उघडी आहे. खरं सांगितलं तर रोम्युलन युद्धातून बाहेर, कदाचित शत्रूच्या बाजूला. भयंकर किंमत, पण ‘नाही’ म्हणता येत होतं. सिस्को त्याऐवजी सगळी नोंदच पुसायला सांगतो.

म्हणून सातव्या पर्वाकडे आत्ताच जायचं नाही. आधी ‘चेंज ऑफ हार्ट’ नव्या मांडणीत आणायचा, ६१६. तीनच भाग आधीचा. स्थानकावरचा अधिकारी वॉर्फ आपली जखमी बायको जॅड्झिया हिला जंगलात सोडून पुढे जातो आणि मग माघारी वळतो. लसारन हा कार्डॅशियन खबऱ्या मारला जातो, त्याच्याकडची माहितीही जाते. इथे मागे फिरणं हीच तडजोड आहे. जुन्या शीटमध्ये हा भाग ‘त्याग नाकारला’ म्हणून बाजूला पडला होता. सिस्को वॉर्फला सांगतो की यापुढे तुला बहुधा कधीच स्वतंत्र कमांड मिळणार नाही, आणि त्याच दमात कबूल करतो की तिच्या जागी जेनिफर (त्याची दिवंगत बायको) असती तर मीही तिला सोडलं नसतं. हा माणूस तीन भागांनंतर ठ वर उभा राहतो. दोन्ही भाग लागोपाठ पाहून पायऱ्या समोरासमोर मांडल्या की काय निघतं ते बघायची फार उत्सुकता आहे.

आलेखही नव्याने काढला. ग्राफव्हिझ या आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये निर्णय घेणाऱ्याकडून किंमत मोजणाऱ्याकडे बाण; त्याग असेल तर बाण वळून स्वतःकडेच येतो. फॉन्टचं नाव दिलं नाही तर देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, नोटो सॅन्स देवनागरी दिल्यावर जोडाक्षरं व्यवस्थित आली. वळलेले बाण फार थोडे आहेत आणि त्यातला यासिमचा ठळक दिसतो. सिस्कोकडून बाहेर जाणारे बाण मात्र गर्दी करतात, त्यात ‘फॉर द युनिफॉर्म’चाही. माक्वी या बंडखोर गटात गेलेल्या एडिंग्टनला शरण आणायला सिस्को माक्वीच्या ग्रहाचं वातावरण ट्रायलिथियम रेझिनने माणसांसाठी विषारी करून टाकतो, तेही स्टारफ्लीटला न विचारता. तिथे परवानगी नव्हती, ‘पेल मूनलाइट’मध्ये होती. ‘वरून मान्यता’ असा रकाना हवा असं काहींचं म्हणणं होतं, ते आता पटलं आहे. पायऱ्यांच्या शीटमध्ये पाचवा रकाना म्हणून घालत आहे.

दमार या कार्डॅशियन अधिकाऱ्याच्या ओळी कोणी घेणार असेल तर सांगा. ‘सॅक्रिफाइस ऑफ एंजल्स’मध्ये झियालला (त्याचा वरिष्ठ डुकाट याच्या मुलीला) गोळी घालणारा तो, आणि ‘टॅकिंग इनटू द विंड’मध्ये बायको-मुलगा मारले गेल्याची बातमी ऐकणाराही तोच. किरा तिथे त्याला एका वाक्यात त्याच्याच पायऱ्या दाखवते. त्या दोन भागांमधल्या सगळ्या पायऱ्या सुट्या करून हव्या आहेत, कुठे गप्प राहिला त्या जागांसकट.