न थांबलेला ब्रेकपॉइंट

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज दुपारचे अडीच तास पाण्यात गेले, आणि दोष मशीनचा नव्हता. लिहून ठेवते, नाहीतर सहा महिन्यांनी परत त्याच खड्ड्यात पडेन.

क्लाएंटची तक्रार सकाळीच आली होती. सात नंबरच्या गोदामातून गेलेल्या मालाच्या बिलांवर सूट चुकतेय, बाकी गोदामं व्यवस्थित. प्रोग्राम आरपीजी या आयबीएमच्या जुन्या भाषेतला, रात्रीच्या बॅचमध्ये (स्क्रीनसमोर कुणी नसताना आपोआप) चालणारा, कुणी लिहिला ते आता कुणालाच आठवत नाही. मशीन आपलं एएस फोर हंड्रेड, आयबीएमचा बिझनेस कॉम्प्युटर. १९८८ साली ते आलं, २००० मध्ये आयसिरीज झालं, २००८ पासून आयबीएम आय. पण आमच्या तोंडी अजून माहेरचंच नाव आहे.

टीममधल्या नव्या मुलाला म्हटलं, तू बघ. तासाभराने त्याच्या मागे जाऊन उभी राहिले तर पठ्ठ्या एफ-१२ दाबत बसलेला. डीबगरमध्ये, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून तपासायच्या साधनात, फाइलमधून रेकॉर्ड वाचणाऱ्या रीडच्या खालच्या ओळीवर एफ-६ने साधा ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबायची खूण, लावलाय. दर रेकॉर्डला प्रोग्राम थांबतो, हा व्हेरिएबलवर कर्सर नेतो, एफ-११ने किंमत बघतो, एफ-१२ने पुढे जातो. जपमाळ ओढल्यासारखं.

"कितवा?"

"तीनशे दहा झाले, मॅडम."

टेस्टच्या फाइलमध्ये चाळीस हजारांच्या वर ओळी. मी खुर्ची ओढली आणि खालच्या कमांड लाइनवर टाइप केलं: ब्रेक ४१२ व्हेन डब्ल्यूएचसीडी = '०७'. म्हणजे ४१२व्या ओळीवर थांब, पण गोदामाचा कोड ०७ असेल तरच. त्याला समजावूनही सांगितलं, जरा ऐटीतच. अट ती ओळ चालायच्या आधी तपासली जाते, म्हणून रीडच्याच ओळीवर लावायची नाही; तिथे हातात अजून मागचंच रेकॉर्ड असतं. रीडच्या पुढच्या ओळीवर लाव. आम्ही शिकत होतो तेव्हा आमच्या टीममध्ये कुणी हे वापरत नसे. प्रोग्राममध्येच त्याच अटीचा एक डमी इफ घुसवायचा, आत काहीतरी फालतू ओळ, तिच्यावर ब्रेकपॉइंट, आणि पुन्हा कंपाइल. मग तो इफ काढायचा राहून जायचा. अजून कुठे कुठे सापडतात ते.

बॅच असल्यामुळे सगळा सोपस्कार नव्याने करावा लागला. जॉब (ते बॅचचं काम) होल्डवर, म्हणजे अडवून, सबमिट करायचा, दुसऱ्या सेशनमधून तो सर्व्हिसला, म्हणजे आपल्या ताब्यात, घ्यायचा, डीबग सुरू करायचं, मग जॉब सोडायचा. सुटला की स्क्रीन उघडते, तिथे एफ-१०ने कमांड लाइन मिळते, ब्रेकपॉइंट लावायचे आणि पुढे जाऊ द्यायचं. त्यात पहिल्यांदा बिलाची फाइल उघडतानाच गाडी अडली, कारण टेस्टची लायब्ररी, म्हणजे फाइलींचा कप्पा, कुणीतरी तशीच, प्रॉडक्शन (खऱ्या कामाच्या) प्रकारची बनवलेली. काही सांगितलं नाही तर सिस्टीम तसंच धरते, आणि डीबगमध्ये असल्या लायब्ररीतली फाइल बदलांसाठी उघडू देत नाही. ठीक आहे, ते दोन मिनिटांचं काम.

जॉब सोडला. पुढचा कमांड टाइप करेपर्यंत तो संपलासुद्धा. एकदाही थांबला नाही.

मी काय निष्कर्ष काढला? सात नंबरच्या ओळी या प्रोग्रामपर्यंत पोचतच नाहीत. वा! मग लॉजिकल फाइलची, म्हणजे मूळ फाइलमधल्या निवडक ओळी दाखवणाऱ्या फाइलची, निवड तपासली. लायब्ररी लिस्ट (फाइल कुठल्या लायब्ररींत, कुठल्या क्रमाने शोधायची ती यादी) तपासली. ओव्हरराइड, म्हणजे प्रोग्रामला दुसऱ्याच फाइलकडे वळवणारे आदेश, शोधले. सोर्स कंपाइलनंतर बदलला असेल आणि ४१२वी ओळ भलतीच निघत असेल म्हणून लिस्टिंग व्ह्यू, म्हणजे कंपाइलच्या वेळची सोर्सची प्रत, घेऊन पुन्हा कंपाइल केलं. परत चालवलं, परत शांतता. क्वेरीत त्या गोदामाच्या ओळी समोर ढळढळीत दिसतायत, आणि मी म्हणतेय की त्या प्रोग्रामला दिसत नाहीत. चहा गार झाला.

शेवटी तो मुलगाच म्हणाला, थोडं चाचरत, "मॅडम, त्या फील्डमध्ये आत्ता नेमकं काय आहे, ते बघायचं का?"

बघितलं नव्हतं. अट काढून टाकली, पहिल्या रेकॉर्डला थांबवलं, डब्ल्यूएचसीडीवर कर्सर, एफ-११. खालच्या ओळीत उत्तर आलं: दोन अवतरण चिन्हं आणि मध्ये दोन कोऱ्या जागा. पुढचं रेकॉर्ड, तेच. त्याच्या पुढचं, तेच. कोरं.

मग डोक्यात उजेड पडला, आणि लाजही वाटली, कारण हे मला माहीत होतं. फाइलची व्याख्या (तिच्यात कुठली फील्डं आहेत ते) प्रोग्राममध्ये न लिहिता बाहेरून घेतली की प्रोग्राम जी फील्डं वापरतो तेवढीच आरपीजी आत भरतो. गोदामाचा कोड या अख्ख्या प्रोग्राममध्ये एकाही ओळीत वापरलेला नाही. नाव डीबगरला ओळखीचं, त्यामुळे अट बिनतक्रार स्वीकारली. पण आत काही येतच नव्हतं. वरच्या कंट्रोल स्पेकमध्ये, म्हणजे अख्ख्या प्रोग्रामला लागू होणाऱ्या सूचनांत, डीबगचा इनपुट पर्याय टाकून कंपाइल केलं तर सगळी फील्डं भरतात. आम्ही तेवढंही केलं नाही. क्वेरीतून सात नंबरचं एक बिल उचललं आणि बिल नंबरावर अट लावली. तो नंबर प्रोग्राम वापरतोच.

थांबला. लगेच.

त्या बिलात सहा ओळी. तिसऱ्या ओळीला सूट १२.५० टक्के, जिथे शून्य हवी. एकेक ओळ स्टेप करत गेलो. सूट-मास्टरवर, म्हणजे कुठल्या आयटमला किती सूट त्या फाइलवर, चेन (नेमकं एक रेकॉर्ड शोधून आणणारी आज्ञा) आहे आणि त्या आयटमचं रेकॉर्डच तिथे नाही. चेन हुकली की फील्डांत आधीच्या रेकॉर्डच्या किमती तशाच राहतात, आणि सापडलं की नाही हे खाली कुणी विचारलेलंच नाही. दुसऱ्या ओळीच्या आयटमची सूट तिसऱ्याला चिकटली. सात नंबर हे नवं गोदाम, त्याचे बरेच आयटम सूट-मास्टरमध्ये भरलेलेच नाहीत, म्हणून फक्त तिथेच बोंब.

म्हणजे एका फील्डात यायला हवं ते आलं नाही, आणि दुसऱ्यात जायला हवं ते गेलं नाही. दोन्ही एकाच दुपारी.

दुरुस्ती तीन ओळींची आहे: सापडलं नाही तर सूट शून्य. मुलालाच करायला दिली, रिव्ह्यू मी करेन. गुरुवारच्या रिलीजमध्ये जाईल.

हे गोदाम सुरू झाल्यापासून किती बिलांवर उसनी सूट गेली, ते उद्या क्वेरीने काढायचं आहे. क्लाएंट पहिला प्रश्न तोच विचारणार. क्वेरी लिहून ठेवलीय, चालवली नाही.