बाई, काहीच पडलं नाही!

मी राहते पंचवटीत आणि शिकवते पेठ तालुक्यात. सावळघाट ओलांडून शाळेत पोचेपर्यंत पावसाळ्यात साडीचे काठ रोज चिखलाने भरतात. १० ऑगस्टला जंतनाशक दिन असतो. तेव्हा भाताची आवणी संपत आलेली असते आणि निम्मी पोरं अजून खाचरातच.

गोळी अल्बेंडाझोलची, ४०० मिलिग्रॅमची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, तीही चुरून. आमच्या पोरांनी ती चावूनच खायची. हे ‘चावून’ फार अवघड प्रकरण आहे. दुसरीतल्या एका पोरीने मागे गोळी गालात धरून ठेवली आणि माझी पाठ वळताच शेळीपुढे टाकली. तेव्हापासून मी प्रत्येकाला ‘आ’ करायला लावते, जीभही उचलायला लावते.

दुसऱ्या दिवशी तक्रार ठरलेली. “बाई, काहीच पडलं नाही!” जंत दिसला नाही म्हणजे गोळी खोटी. गोळीने जंताला साखर शोषता येत नाही, तो उपाशी मरतो. पडलेला दिसेलच असं नाही, हे मी दरवर्षी सांगते. मग एखादी आजी म्हणते, गूळ बंद करा, वावडिंग द्या. गुळाने जंत होत नाहीत, हे तिला पटवण्याचा नाद मी सोडलाय.

माझा खरा राग चिखलावर आहे. उघड्यावरच्या शौचातून आकडेकृमीची अंडी ओल्या मातीत जातात, त्यातून निघालेली अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. तिथून रक्त, फुप्फुस, घसा असं फिरत आतड्यात येऊन चिकटते आणि रक्त पिते. बोटांच्या बेचक्यात खाज सुटली की आपण ‘चिखल्या झाल्या’ म्हणून हळद लावतो. सगळीच खाज चिखल्यांची नसते. पण खाचरात चपला कोण घालणार? पहिल्याच पावलाला रुतून बसतात. म्हणून गोळी फेब्रुवारीतही, ऑगस्टमध्येही.

यंदा चौघं गैरहजर. कुठे आहेत ते खिडकीतून दिसत होतं, गुडघाभर चिखलात, आईच्या मागे वाकलेली. त्यांच्या चार गोळ्या पाकिटात घालून हजेरीपत्रकात ठेवल्यात. राहिलेल्यांचा दिवस पुढच्या आठवड्यात आहे. शेळी बांधून ठेवायला सांगितलंय.