डावा पीळ, उजवा पीळ

‘हे पिळाचे रेणू करून तुम्हाला मिळतं काय?’ लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न मला चुकत नाही. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

बेन्झीनची (सहा कार्बनांची) कडी बाजूला बाजू लावून एकाच अंगाने वळवत नेली, की सहाव्या कड्याला जागाच उरत नाही. तिथे पहिलं कडं आडवं येतं. मग ते त्याच्या डोक्यावरून जातं आणि गोल जिन्यासारखा पीळ पडतो. (चकली म्हणू नका, चकली सपाट असते.) हे हेलिसीन. न्यूमन आणि लेडनिसर या रसायनशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये सहा कड्यांचं हेलिसीन बनवलं, डाव्या पिळाचं आणि उजव्या पिळाचं वेगळंही केलं. असा रेणू ध्रुवित, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणाऱ्या, प्रकाशाची पातळी फिरवतो; त्याचं माप म्हणजे विशिष्ट वलन. साखरेचं ते सुमारे ६६ अंश, याचं साडेतीन हजारांच्या वर!

पण नुसत्या कार्बनचं हेलिसीन चमकतं मंद. म्हणून बोरॉन आणि नायट्रोजन. एकाकडे कार्बनपेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी, दुसऱ्याकडे एक जास्त. जोडीने हिशेब जुळतो. दोघांना नेमक्या जागी बसवलं तर प्रकाश देताना रेणूचा आकार फारसा हलत नाही आणि रंग नितळ मिळतो. जपानी रसायनशास्त्रज्ञ हाताकेयामांच्या गटाने २०१६ मध्ये निळा प्रकाश देणारा असा रेणू दाखवला, त्याच्या रंगाचा पट्टा जेमतेम २८ नॅनोमीटर रुंद. आम्ही तीच जोडी पिळात बसवतो.

आधी नायट्रोजनचा सांगाडा, बोरॉन शेवटी. तो ज्यातून येतो त्या बोरॉन ट्रायब्रोमाइडला हवा लागली की पांढरा धूर! दक्षिणावर्ती शंख दुर्मिळ म्हणून मौल्यवान. आमच्याकडे डावे-उजवे निम्मे-निम्मेच निघतात आणि ते कायरल कॉलमवर (डावं-उजवं ओळखणाऱ्या भुकटीने भरलेल्या नळीत) वेगळे करण्यात दिवस जातात. एकदा पाच कड्यांचा, म्हणजे सैल पिळाचा, वेगळा केलेला नमुना मी टेबलावरच ठेवून सुट्टीवर गेले. परत येऊन डाव्या-उजव्यांतला फरक मोजला तर आलेख सपाट. पीळ उलटसुलट होऊन पुन्हा निम्मे-निम्मे.

आता मिळतं काय ते. ओएलईडी पडद्यावर (फोनचा असतो तसा, रेणूच प्रकाश देतात असा) बाहेरच्या उजेडाची चकाकी मारायला एक फिल्म असते, ती पडद्याचा निम्मा प्रकाश गिळते. रेणूनेच वर्तुळ-ध्रुवित, म्हणजे फक्त डावीकडे किंवा फक्त उजवीकडे पीळ घेत जाणारा, प्रकाश दिला तर तो निसटून बाहेर येईल. सध्या अशा साध्या रेणूंत हजार फोटॉनांमागे (प्रकाशकणांमागे) डाव्या-उजव्यांत फरक पडतो तो बहुधा एखाद-दुसऱ्याचा. तो वाढावा म्हणून मी आणखी दोन कडी जोडून पाहतेय. गेल्या आठवड्यात कॉलमवर दोन शिखरं वेगळी दिसली. नमुना या वेळी फ्रीजमध्ये आहे.